एचआयव्हीसोबत हेपटायटिस सी निघाला: लिव्हर किती बिघडलंय ते कसं ओळखायचं आणि पुढे काय करायचं

ताई, इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. दादांचं वय ४६. विशीत मुंबईला असताना दोन-अडीच वर्षं ते गर्दची इंजेक्शनं घेत होते. नंतर सोडली ती कायमची. २०१३ मध्ये एचआयव्ही निघाला. तेव्हापासून एआरटी, म्हणजे एचआयव्हीची औषधं, नेमाने चालू आहे. सध्या टीएलडी या तीन औषधांच्या मिश्रणाची रोज एक गोळी, व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) सापडत नाही, सीडी-४ (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींचा आकडा) मात्र ३१०च्या वर जात नाही. आता पायाच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं, तर अँटी-एचसीव्ही ही हेपटायटिस सीची तपासणी पॉझिटिव्ह आली. लिव्हरची एन्झाइम एसजीओटी ७२, एसजीपीटी ५८, प्लेटलेट १ लाख १२ हजार, बिलिरुबिन १.१, अल्ब्युमिन ३.८, आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) नॉर्मल. सोनोग्राफीत पोटात पाणी नाही, प्लीहा थोडी मोठी. एक डॉक्टर म्हणाले, 'एसजीपीटी फार नाही, चिंता नको.' दुसरे म्हणाले, 'दोन्ही आजार एकत्र, लिव्हर गेल्यातच जमा.' तुम्ही विचारलंय की खरं काय मानायचं, एचआयव्हीच्या गोळ्यांनीच लिव्हर बिघडलं का, त्या थांबवायच्या का, आणि यावर इलाज आहे का.

इलाज आहे, बारा आठवड्यांचा आहे, सरकारी दवाखान्यात मोफत आहे. एचआयव्हीच्या गोळ्या एक दिवसही थांबवू नका. आणि त्या दोन्ही डॉक्टरांचं म्हणणं मला पटलेलं नाही. हे आकडे 'चिंता नको' म्हणण्यासारखे नाहीत, आणि 'लिव्हर गेलं' म्हणण्यासारखे तर मुळीच नाहीत.

सगळ्यात आधी एक तपासणी राहिली आहे. अँटी-एचसीव्ही म्हणजे प्रतिपिंड. विषाणू कधीतरी शरीरात येऊन गेला, एवढंच त्यातून कळतं. साधारण १५ ते ४५ टक्के लोकांच्या शरीरातून हा विषाणू पहिल्या सहा महिन्यांत आपसूक निघून जातो, तरी प्रतिपिंड जन्मभर राहतात. एचआयव्ही असेल तर असं आपसूक बरं होणं कमी घडतं, म्हणून दादांच्या रक्तात विषाणू असण्याची शक्यता जास्त आहे. तरी 'एचसीव्ही आरएनए', म्हणजे हेपटायटिस सीचा व्हायरल लोड, केल्याशिवाय औषध सुरू करता येत नाही. एआरटी सेंटरला लागणारा एचआयव्हीचा व्हायरल लोड वेगळा आणि हा वेगळा. या गोंधळात महिनाभर वाया गेलेले रुग्ण मी पाहिलेत, म्हणून मुद्दाम सांगतो. याच्या उलटही घडतं. सीडी-४ फार खाली गेलेला असेल तर शरीर प्रतिपिंडच बनवू शकत नाही आणि अँटी-एचसीव्ही निगेटिव्ह येते. अशा रुग्णाचे लिव्हरचे आकडे विनाकारण वाढलेले दिसले, तर तिथेही आरएनएच करावी लागते.

आता त्या 'एसजीपीटी फार नाही'कडे येतो. एसजीपीटी वाढणं म्हणजे आज लिव्हरच्या किती पेशी फुटताहेत त्याचा अंदाज. गेल्या वीस-बावीस वर्षांत आत किती वण धरले, हे ती सांगत नाही. सिरॉसिस (वणांनी लिव्हर कडक होणं) झालेल्या माणसाची एसजीपीटी अगदी ४०च्या आत असू शकते. तुम्ही पाठवलेल्या कागदावर माझी नजर आधी गेली ती प्लेटलेटवर.

फिब-४ नावाचा एक हिशेब आहे, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतो. वय गुणिले एसजीओटी. त्याला भागायचं प्लेटलेट (हजारात) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ याने. दादांचं वय ४६, एसजीओटी ७२, गुणाकार ३३१२. प्लेटलेट ११२, आणि ५८चं वर्गमूळ सुमारे ७.६, गुणाकार सुमारे ८५३. भागाकार ३.९ येतो. १.४५च्या खाली असेल तर मोठे वण नसण्याची शक्यता चांगली, ३.२५च्या वर असेल तर वण खूप पुढे गेलेत असं धरून चालायचं. हे सूत्र २००६ मध्ये मांडलं गेलं ते मुळात एचआयव्ही आणि हेपटायटिस सी दोन्ही असलेल्या ८३२ रुग्णांच्या माहितीवरून, म्हणजे नेमकं दादांसारख्यांसाठीच. आज जगभर फॅटी लिव्हरसाठीही ते वापरतात, पण त्याचा जन्म या रुग्णांमुळे झाला.

प्लीहेचं आणि प्लेटलेटचं नातंही इथेच समजून घ्या, कारण दादांचा सीडी-४ का वाढत नाही, याचं उत्तर त्यात असू शकतं. लिव्हर वणांनी कडक झालं की आतड्यांकडून येणाऱ्या रक्ताला आत शिरायला जोर लागतो. मागे दाब साचतो, प्लीहा फुगते, आणि फुगलेली प्लीहा रक्तातल्या पेशी स्वतःत अडवून ठेवते. प्लेटलेट अडतात, तशा पांढऱ्या पेशीही अडतात. इतकी वर्षं नेमाने गोळ्या घेऊन, व्हायरल लोड शून्यावर असूनही सीडी-४ ३१०ला अडकला आहे, त्यामागे हे एक कारण असू शकतं. रिपोर्टवर सीडी-४ची टक्केवारी छापलेली असते का ते पाहा. टक्केवारी चांगली आणि आकडा कमी, असं असेल तर दोष गोळ्यांचा नाही आणि दादांचाही नाही. 'गोळ्या नीट घेत नाहीस' असं कोणी त्यांना बोललं असेल, तर ते आधी मागे घ्या.

आता दोन विषाणू एकत्र आल्यावर नेमकं काय होतं ते सांगतो. नुसता हेपटायटिस सी असलेल्या शंभर जणांपैकी साधारण १५ ते ३० जणांना वीस वर्षांत सिरॉसिस होतो. सोबत एचआयव्ही असेल, विशेषतः काही वर्षं उपचाराविना गेली असतील, तर हा वेग दुप्पट-तिप्पट होतो. लिव्हरमध्ये ताऱ्याच्या आकाराच्या काही पेशी असतात. एरवी त्या जीवनसत्त्व अ साठवून शांत बसलेल्या असतात. जवळपास सूज आली की त्या जाग्या होतात आणि कोलॅजेनचे धागे विणू लागतात. जखमेवर खपली धरावी तसं. हेपटायटिस सी ही सूज वर्षानुवर्षं धुमसत ठेवतो. एचआयव्ही त्यात दोन बाजूंनी भर घालतो. तो त्या तारापेशींना थेट चेतवतो. शिवाय आतड्याच्या अस्तरातल्या सीडी-४ पेशी सुरुवातीच्या काही आठवड्यांतच मोठ्या प्रमाणावर मारतो. बांधाला भेग पडली की पाणी झिरपतं, तसे आतड्यातले जंतूंचे तुकडे त्या कमजोर अस्तरातून झिरपून थेट लिव्हरकडे जातात आणि तिथली आग पेटती ठेवतात. एआरटीने ही गळती बरीच आटोक्यात येते. म्हणून 'गोळ्यांनी लिव्हर खाल्लं' हा समज मनातून काढून टाका. दादांचं लिव्हर आज जेवढं शाबूत आहे, त्यात त्या गोळ्यांचा वाटा आहे.

या समजाला एक जुना आधार आहे, तोही सांगायला हवा. पूर्वीच्या एआरटीतली स्टॅव्ह्युडीन, डायडॅनोसीन, नेव्हिरापीन ही औषधं लिव्हरला खरोखर त्रास द्यायची. टीएलडीतली टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडीन आणि डोल्युटेग्राव्हिर त्या मानाने लिव्हरला खूपच सुसह्य आहेत. दुसऱ्या टप्प्यातल्या अ‍ॅटाझानाव्हिरने डोळे पिवळे होतात. ती दिसायला कावीळ असली तरी बहुतेक वेळा लिव्हरला इजा नसते. बिलिरुबिनचा निचरा करणारं एक एन्झाइम तेवढं अडतं. अशा रुग्णाला घरचे कावीळ उतरवायला घेऊन जातात, पथ्यावर ठेवतात, गोळ्या बंद करतात, आणि चार महिन्यांनी तो टीबी घेऊन परत येतो. डोळे पिवळे दिसले की आधी आपल्या एआरटी सेंटरला दाखवा.

उपचाराचं सांगण्याआधी थोडं मागे जातो. हेपटायटिस सीचा विषाणू १९८९ मध्ये ओळखला गेला. त्या कामासाठी हार्वे ऑल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राइस यांना २०२० चं नोबेल मिळालं. मी शिकलो तेव्हा औषध म्हणजे पेग-इंटरफेरॉनचं आठवड्याला एक इंजेक्शन आणि रिबाव्हिरिनच्या गोळ्या, तेही ४८ आठवडे. ताप, हिमोग्लोबिन घसरणं, मन इतकं खचणं की काही जण जीव द्यायची भाषा करायचे. आणि एचआयव्ही सोबत असलेल्यांमध्ये यशाचं प्रमाण २००४ च्या सर्वांत मोठ्या चाचणीत अवघं ४० टक्के. विषाणूच्या जीनोटाइप १ या उपप्रकारात २९. त्या काळात रुग्णाला 'सुरू करूया का' असं विचारताना माझी जीभ जड व्हायची. किंमत वेगळीच. पेग-इंटरफेरॉनच्या पेगासिस या ब्रँडच्या भारतातल्या पेटंटला आव्हान दिलं ते मुंबईत व्यसनी माणसांसाठी काम करणाऱ्या संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्टने, आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये ते पेटंट रद्द झालं. ज्यांना रस्त्यावर लोक 'गर्दुल्ले' म्हणून हाकलतात, त्यांच्यासाठी लढलेली ही केस होती. तिची आठवण मला अजूनही बळ देते.

मग डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत सोफोसब्युव्हिर या नव्या गोळीला मान्यता मिळाली. तिथे बारा आठवड्यांची किंमत ८४ हजार डॉलर. सप्टेंबर २०१४ मध्ये भारतीय कंपन्यांना ते बनवण्याचे परवाने मिळाले आणि किंमत कोसळली. २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय व्हायरल हेपटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासण्या आणि औषधं मोफत मिळतात. जिल्हा रुग्णालयांत ट्रीटमेंट सेंटर आणि मोठ्या मेडिकल कॉलेजांत मॉडेल ट्रीटमेंट सेंटर आहेत. दादांच्या एआरटी सेंटरमधल्या काउन्सेलरना जवळचं केंद्र विचारा. रेफर करणं त्यांच्या कामाचाच भाग आहे.

या कार्यक्रमात सिरॉसिस नसेल तर सोफोसब्युव्हिर आणि डॅक्लाटासव्हिर बारा आठवडे देतात. सिरॉसिस असेल पण लिव्हर काम निभावत असेल, तर सोफोसब्युव्हिर आणि व्हेलपाटासव्हिरची एकत्र गोळी, रोज एक, बारा आठवडे. पोटात पाणी, रक्ताची उलटी, शुद्ध हरपणं यापैकी काही घडून गेलं असेल, तर त्याच गोळीला रिबाव्हिरिनची जोड देतात, किंवा ते झेपत नसेल तर २४ आठवडे. तुमच्या कागदांवरून दादा मधल्या गटात बसतात: फिब-४ ३.९, पण बिलिरुबिन, अल्ब्युमिन, आयएनआर ठीक, पोटात पाणी नाही. फायब्रोस्कॅनने, म्हणजे लिव्हरचा कडकपणा मोजणाऱ्या तपासणीने, यावर शिक्कामोर्तब होईल; १२.५ किलोपास्कलच्या वर असेल तर सिरॉसिस धरतात. ही मशीन जवळ नसेल तर तिच्यासाठी औषध रोखून ठेवायचं कारण नाही, फिब-४वर निर्णय घेता येतो. एचआयव्ही असल्याने औषध लागू पडत नाही, ही भीतीही आता उरलेली नाही. अ‍ॅस्ट्रल-५ या चाचणीत दोन्ही विषाणू असलेल्या १०६ जणांना हीच गोळी दिली, ९५ टक्के बरे झाले, आणि त्यात सिरॉसिस असलेले १९च्या १९. आपल्याकडे जास्त आढळणारा जीनोटाइप ३ सिरॉसिसमध्ये थोडा चिवट असतो, म्हणून मी एकही डोस चुकू न देण्याबद्दल फार हट्टी आहे.

खरी काळजी घ्यायची ती औषधांच्या आपसातल्या भांडणाची. इथे मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण चुका इथेच होतात. टीएलडीचं या गोळीशी जमतं. तरी व्हेलपाटासव्हिरमुळे रक्तातली टेनोफोव्हिरची पातळी वाढते, म्हणून सुरू करण्याआधी आणि मधेमधे क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) व लघवी तपासायची. तुम्ही ओघात लिहिलंय की पायाच्या दुखण्यासाठी दादा मेडिकलमधून आणून रोज दोन गोळ्या घेतात. त्या कोणत्या ते आज बघा. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफेनॅक यांपैकी काही असेल तर आजपासून बंद. सिरॉसिसमध्ये त्याने किडनी बसते, जठरातून रक्तस्राव होतो, आणि वर टेनोफोव्हिर आहेच. पॅरासिटामॉलला लोक लिव्हरचा शत्रू मानतात. पण दिवसाला दोन ग्रॅमच्या आत, म्हणजे ५०० च्या जास्तीत जास्त चार गोळ्या, दारू न पिणाऱ्या सिरॉसिसच्या माणसाला तेच सगळ्यांत सुरक्षित आहे. दुसरी गोष्ट गॅसच्या गोळीची. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल अशा गोळ्यांनी जठरातलं आम्ल कमी होतं आणि व्हेलपाटासव्हिर नीट शोषलं जात नाही. बारा आठवडे ती सवय सोडवा. जमत नसेल तर परस्पर घेऊ नका, डॉक्टरांना सांगून वेळ ठरवून घ्या. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चालू असेल तर ती डोल्युटेग्राव्हिरला अडवते. टीएलडी आधी आणि ती किमान दोन तासांनी, असं करा.

टीबी. दोन आठवड्यांच्या वर खोकला, ताप, वजन घटणं असेल तर हेपटायटिसचं औषध सुरू करण्याआधी टीबी तपासून घ्या. टीबीचं औषध रिफॅम्पिसिन हेपटायटिस सीच्या या सगळ्या गोळ्या निकामी करतं. दोन्ही एकत्र देताच येत नाहीत. अशा वेळी आधी टीबी पूर्ण बरा करायचा, हेपटायटिस सी थांबू शकतो. फिट्ससाठीची कार्बामाझेपीन, फेनिटॉइन यांचंही तसंच, आणि हृदयाच्या ठोक्यांसाठीच्या अ‍ॅमिओडॅरोनबरोबर सोफोसब्युव्हिर दिल्यास ठोके धोकादायक मंदावू शकतात. अजूनही कुणी जुन्या एफाव्हिरेन्झवर असेल तर त्याला व्हेलपाटासव्हिर चालत नाही. डॅक्लाटासव्हिर द्यायचं झालं तर मात्रा ६० ऐवजी ९० मिलिग्रॅम करावी लागते. अ‍ॅटाझानाव्हिर-रिटोनाव्हिरवर असेल तर उलट ३०. म्हणून पहिल्या भेटीला घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. तोंडी यादी पुरत नाही.

हेपटायटिस बीची एचबीएसएजी तपासणी झाली आहे का ते बघा. तो विषाणू दबलेला असेल तर सी बरा होताना बी उसळी मारू शकतो. दादांच्या टीएलडीतली दोन औषधं बीवरही काम करतात, त्यामुळे ते सुरक्षित आहेत, पण पुढे कधी एआरटी बदलायची वेळ आली तर ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर हवी. बी नसेल आणि संरक्षणही नसेल, तर लस घ्यायची.

बाराव्या आठवड्याला गोळ्या संपतात. त्यानंतर आणखी बारा आठवड्यांनी पुन्हा आरएनए. ती निगेटिव्ह म्हणजे हेपटायटिस सी बरा झाला. अँटी-एचसीव्ही मात्र पॉझिटिव्हच राहील. पुढे कुठल्याही ऑपरेशनआधी पुन्हा कोणीतरी घाबरवेल, म्हणून आरएनएचा कागद लॅमिनेट करून ठेवा. आणि नेमक्या याच वळणावर मी सगळ्यांत जास्त माणसं गमावली आहेत. विषाणू गेला, पेढे वाटले, आणि लिव्हरचं नाव घरात कोणी काढलं नाही. तीन वर्षांनी एक माणूस पोट दुखतं म्हणून आला, तेव्हा लिव्हरमध्ये आठ सेंटिमीटरची गाठ होती. सिरॉसिसचे वण विषाणूबरोबर जात नाहीत. काही वर्षांत ते थोडे विरतात, पण कॅन्सरचा धोका कमी झाला तरी संपत नाही. दादांना दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, जमल्यास एएफपी या रक्ततपासणीसह, कायम करावी लागेल. दिवाळीच्या आधी एक आणि अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला एक, असं मी रुग्णांना सांगतो. तारखा विसरतात, सण विसरत नाहीत. प्लेटलेट दीड लाखाच्या खाली असल्याने एकदा एंडोस्कोपी करून अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा बघून घ्याव्या लागतील. एचआयव्ही ऐकून एका ठिकाणी माझ्या रुग्णाची एंडोस्कोपी तीनदा पुढे ढकलली गेली होती. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने असा भेदभाव करता येत नाही. कुठे टाळाटाळ झाली तर एआरटी सेंटरला लेखी कळवा.

पायाचं ऑपरेशन तातडीचं नसेल तर थांबवा. आधी फायब्रोस्कॅन आणि एंडोस्कोपी होऊ द्या. भूल देणाऱ्यांना 'सिरॉसिस असू शकतो' हे आधीच माहीत असायला हवं.

खाण्याबद्दल तुम्ही लिहिलंय की घरात तेल-तूप, अंडी, डाळ सगळं बंद केलंय आणि दादा उसाच्या रसावर आहेत. सगळं परत सुरू करा. सिरॉसिसमध्ये माणूस स्नायू गमावतो, त्याला प्रथिनं लागतात: डाळ, उसळ, दही, अंडी, मासे. रात्री झोपताना काहीतरी खायला द्या, दुधात कुस्करलेली पोळी चालेल. हे लिव्हर रात्रभरासाठी साखर साठवून ठेवू शकत नाही. पायावर सूज किंवा पोटात पाणी नाही तोवर मिठाचा बाऊ नको, पापड-लोणचं तेवढं कमी. दारू अजिबात नाही, 'फक्त बिअर' सुद्धा नाही. आणि गुळवेलीचा काढा थांबवा. करोनाच्या काळात मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर लिव्हरला गंभीर इजा झालेले रुग्ण नोंदवले आहेत. मला आयुर्वेदाशी वैर नाही, पण या लिव्हरला असे प्रयोग परवडणार नाहीत.

काळी डांबरासारखी शौच, रक्ताची उलटी, पोट फुगणं, दिवसा झोप आणि रात्री जाग, बोलण्यात गोंधळ, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता मोठ्या दवाखान्यात न्यायचं.

घरच्यांचं. एका ताटात जेवल्याने, कपडे एकत्र धुतल्याने, मुलांना जवळ घेतल्याने हेपटायटिस सी पसरत नाही. रेझर, टूथब्रश, नेलकटर मात्र ज्याचं त्याचं वेगळं. वहिनींची एकदा अँटी-एचसीव्ही करून घ्या. त्यांची निगेटिव्ह आली तर मुलांची गरज नाही.

शेवटी दादांचं ते वाक्य: 'माझ्या कर्माने झालंय, आता कशाला खर्च.' वीस वर्षांपूर्वी सोडलेल्या सुईबद्दल त्यांना आज कुणाला जाब द्यायचा नाही, हे त्यांना तुमच्या तोंडून ऐकू द्या. आणि खर्चाचं म्हणाल तर आरएनए आणि गोळ्या मोफत आहेत. फायब्रोस्कॅन बाहेर करावा लागला तर तेवढेच पैसे लागतील. आरएनएसाठी उपाशी राहावं लागत नाही, फायब्रोस्कॅनसाठी तीन तास राहावं लागतं. दोन्ही एकाच दिवशी होणार असतील तर सकाळी लवकर घेऊन जा, आणि डबा बरोबर ठेवा.